साखरपुड्याची अंगठी: मोठ्या ब्रँडच्या नावाचे पैसे द्यावेत का?

मधली_बहीण (चोपडा)

राम राम मंडळी. जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागणार कसा.

धाकट्या भावाचं जमलंय. मुलगी धुळ्याची, तिथेच एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर लगेच. भाऊ पुण्याला हिंजवडीत नोकरीला, त्याने अंगठीसाठी स्वतःच्या पगारातून चार लाख बाजूला काढून ठेवलेत आणि त्याच्या डोक्यात एकच आहे, मुंबईला बीकेसीत टिफनी या परदेशी दागिन्यांच्या ब्रँडचं दुकान आहे तिथूनच घ्यायची, ती निळ्या डबीतली. मी चौकशी केली तर या पैशात तिथे खडा लहानच बसतो, एक कॅरेटच्या आसपासचं काही बघायला गेलं तर आकडे दहा लाखाच्या पुढे पळतात.

आमच्या घरात आजपर्यंत सगळा डाग, म्हणजे दागिना, जळगावहून आला. आजीच्या पाटल्या, आईची पोत, माझं मंगळसूत्र, एकच पेढी. आण्णा म्हणतात चार लाखात तोळ्यांनी सोनं येतं, नुसत्या डबीला काय चाटायचंय. आई मधल्यामधे रडवेली होते. आणि परवा फोनवर भाऊ मला म्हणाला, "आक्का, आपल्या घरात आजवर सगळं भाव बघून घेतलं, एकदा मला नाव बघून घेऊ दे." मला गलबलून आलं. खरंच आहे ते. केळी कापणीला आली की भाव पडलेला आणि भाव चढला की बाग वादळात आडवी, असंच आमचं लहानपण गेलं.

म्हणून विचारते, त्या नावात खरंच काही असतं का जे जळगावला मिळणार नाही? नसेल तर त्याला तसं सांगेन, असेल तर आण्णांना समजावीन.

तापीकाठ (भुसावळ)

ताई, रेल्वेत ३४ वर्षं काढली, दोन मुलींची लग्नं केली, म्हणून हक्काने सांगतो. डाग म्हणजे अडीनडीचा पैसा. आमच्या हिच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री अकराला डॉक्टरांनी सांगितलं सकाळी पैसे भरा. सकाळी पेढीचं शटर वर जायच्या आधी मी दारात उभा होतो. पाटल्या काट्यावर ठेवल्या, त्या दिवसाचा भाव, थोडी घट कापली, अर्ध्या तासात रोख हातात. सराफाने वर चहा पाजला आणि पैसे मोजून घ्या काका म्हणाला. ती परदेशी अंगठी घेऊन मी कोणाच्या दारात गेलो असतो सांगा. एवढंच म्हणणं आहे माझं.

कसोटी (जळगाव)

ताई, मी सराफ बाजारात काउंटरला १९ वर्षं आहे. पेढीचं नाव टाकत नाही, जाहिरात नको. काकांचं सोन्याबद्दल अगदी बरोबर आहे पण हिऱ्याच्या अंगठीला सोन्याचा हिशोब लावून चालत नाही, आणि इथेच बहुतेक घरात वाद होतात, आई-वडील सोन्याच्या तोळ्यात बोलतात आणि पोरं खड्याच्या कॅरेटमधे.

आधी हे बघा की पैसे जातात कशात. हिरा बसवायचा तर २२ कॅरेटचं सोनं चालत नाही, मऊ पडतं, खडा धरणाऱ्या नख्या वाकतात आणि खडा हलायला लागतो, म्हणून १८ कॅरेट, त्यावर ७५० असा शिक्का. समजा हिशोबापुरता २४ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला १ लाख २० हजार धरला तर १८ कॅरेटचा ग्रॅम ९ हजाराला पडतो. साडेतीन ग्रॅमची अंगठी म्हणजे सोनं साडेएकतीस हजाराचं. खडा पाव कॅरेटच्या थोडा वर, चांगल्या कागदाचा, म्हणजे तपासणीच्या प्रमाणपत्राचा, पन्नास हजार धरा. घडणावळ पंधरा टक्क्याने पावणेपाच हजाराच्या आत. वर ३ टक्के जीएसटी. झाले नव्वद हजाराच्या आत. आता हीच अंगठी मोठ्या नावाखाली दुप्पट-तिप्पट किमतीला असेल तर वरचा फरक ना सोन्यात आहे ना खड्यात. तो दुकानाच्या जागेचा, जाहिरातीचा, डबीचा, त्यांच्या निवडीचा आणि नावाचा. मोडायला गेलात की पहिला तोच उडतो.

पण नाव म्हणजे सगळी हवा असं मी कधीच म्हणणार नाही. टिफनीने १८८६ मधे जी सहा नख्यांची अंगठी काढली तिने हिरा सोन्याच्या पट्टीपासून वर उचलला, खालून-बाजूने उजेड आत शिरायला लागला आणि खडा जास्त बोलायला लागला. आज माझ्या काउंटरला रावेरची, पाचोऱ्याची गिऱ्हाइकं येऊन टिफनी सेटिंग दाखवा म्हणतात ते त्याच्यामुळेच. शिवाय अशी मंडळी खडे फार निवडून घेतात, कटमधे, म्हणजे पैलू कसे पाडलेत त्यात, हयगय करत नाहीत. गोल हिऱ्यात कट बिघडला तर बाकी सगळे गुण असून खडा मेल्यासारखा दिसतो, आणि आपल्याकडे गिऱ्हाईक कट सोडून फक्त वजन विचारतं. हे आपलं चुकतं.

धुळेकर_पुण्यात

मी घेतलीय, त्यामुळे बोलतो. २०१९ ला ऑनसाइट सिंगापूरला होतो, तिथून टिफनीचीच घेतली. बायको शिरपूरची. तिने बारावीत असताना एका मासिकातून त्या अंगठीचं चित्र कापून कंपासपेटीत ठेवलं होतं, लग्न ठरल्यावर तिने मला ते चित्र दाखवलं, कडा पिवळ्या पडलेल्या. मी तेव्हाच ठरवलं.

तसाच कट, तसाच रंग, तसाच कागद असलेला खडा साध्या दुकानात खूप स्वस्त मिळतो हे मला पक्कं माहीत होतं, तुलना करूनच गेलो होतो. तरी घेतली आणि एक दिवस पस्तावलो नाही. ०.१८ कॅरेट आणि त्याच्या वरच्या हिऱ्यांवर ते लेझरने नंबर कोरतात, हिरा कुठल्या भागातून आला तेही २०१९ पासून सांगायला लागले, म्हणजे नुसती डबी देत नाहीत. पण खरं कारण ते नाही. खरं कारण ते चित्र. कर्ज काढलं नाही, घरच्यांकडे मागितले नाहीत, विकायचा विचार कधी केला नाही आणि करणारही नाही. ताई, भावाला एकच विचारा, हे नाव त्याला हवंय की तिला?

अमळनेरकर

मंडई राम राम. वरला प्रश्न भारी शे म्हणून लिहितोय.

मी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ट्रेडमार्कवर वाचताना याच अंगठीचा खटला वाचला होता. अमेरिकेत कॉस्टको नावाची मोठी होलसेल दुकानं आहेत, ते त्यांच्या अंगठ्यांपुढे टिफनी हा शब्द लिहून विकायचे. टिफनीने २०१३ ला केस टाकली. कॉस्टकोचं म्हणणं की हा शब्द आता त्या घडणीचंच नाव झालाय, जसं आपण सगळ्या डिटर्जंटला एकाच कंपनीच्या नावाने हाक मारतो तसं. खालच्या कोर्टाने २०१७ ला टिफनीला १ कोटी ९४ लाख डॉलर द्यायला सांगितले, २०२० ला वरच्या कोर्टाने तो निकाल बाजूला ठेवला आणि म्हटलं हे ज्यूरीसमोर चालू द्या, आणि २०२१ ला दोघांनी आपसात मिटवलं.

मला त्यातून हे समजलं की घडणीवर हक्क सांगता येत नव्हता, भांडण सगळं शब्दाचं होतं. त्याच २०२१ साली एलव्हीएमएच या फ्रेंच कंपनीने टिफनी १५८० कोटी डॉलरला विकत घेतली. एवढे पैसे कोणी नुसत्या सोन्या-प्लॅटिनमच्या साठ्याला देत नाही.

अजून एक, साखरपुड्याला हिराच पाहिजे हे आपल्याकडे आजोबांच्या वेळी कुठे होतं? साखरेचा पुडा, साडी-चोळी, फार तर सोन्याची वेढणी, म्हणजे साधी बिनखड्याची अंगठी. हिरा कायमचा असतो ही डी बिअर्स या हिऱ्याच्या कंपनीची जाहिरात १९४७ ची. आणि गंमत बघा, हिरा जगाला माहीत झाला तो आपल्याच देशातून, अठराव्या शतकात ब्राझीलमधे खाणी सापडेपर्यंत मुख्यतः आपल्याकडचाच, गोवळकोंड्याकडचा हिरा सगळीकडे जायचा. आज घासायचं काम सुरतेत होतं, नंदुरबारहून सकाळची गाडी धरली तर दुपारच्या आत पोचतो माणूस. म्हणजे बीकेसीतल्या काचेमागचा खडासुद्धा आपल्या शेजारच्या गावात पैलू पाडून गेलेला असू शकतो.

असोद्याची_सून

माझा अनुभव लिहिते, दुकानाचं नाव घेणार नाही. परदेशी ब्रँड नव्हता, आपल्याकडचंच एक मोठं झगमगाटी शोरूम. लग्नात सासरकडून हिऱ्याची अंगठी आली होती, पावती दीड लाखाची. पाच वर्षांनी घर बांधताना द्यायला गेले तर समोरचा म्हणाला वजनात खड्याचं वजन धरलेलंय ते वजा होणार, घडणावळ गेली, खड्यांचा कागद नाही म्हणून खड्यांना आम्ही ठरवू तो भाव. हातात आले साठ हजाराच्या आत. मी तिथल्या गुळगुळीत खुर्चीत बसून होते आणि कोणाला काय बोलू कळत नव्हतं. सासूबाईंनी किती हौसेने घातली होती ती माझ्या बोटात. त्यांना मी आजपर्यंत खरा आकडा सांगितला नाही.

म्हणून ताई, नाव मोठं असो की लहान, पावती नीट करून घ्या. माझ्या पावतीवर फक्त डायमंड रिंग एक नग असं होतं.

कसोटी (जळगाव)

ताई तुमचं वाचून वाईट वाटलं. एक नग लिहिलेली पावती कोणीही घेऊच नका, हे मी गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगतो. ढोबळ वजन वेगळं, निव्वळ सोन्याचं वजन वेगळं, खड्याचं कॅरेट वेगळं, घडणावळ वेगळी. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, पाच कॅरेटचा एक ग्रॅम, तेवढं वजन सोन्यातून वजा झालेलं पावतीवर दिसलंच पाहिजे. परत घेताना सोन्याचं काय आणि खड्याचं काय तेही त्याच कागदावर लिहून घ्या, तोंडी बोलणं पाच वर्षांनी कोणाच्या लक्षात राहत नाही, काउंटरवरचा माणूसही बदललेला असतो.

हॉलमार्क १६ जून २०२१ पासून सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी नंबर डागावर लागतो. बीआयएस केअर ॲपमधे तो टाकला की डाग कुठल्या शुद्धतेचा म्हणून तपासला गेला ते समोर येतं. दुकानात उभ्या उभ्या टाकून बघा, कोणी वाईट वाटून घेत नाही. फक्त दोन ग्रॅमच्या आतल्या डागाला ही सक्ती नाही, आणि हल्ली नाजूक अंगठीच्या नावाखाली तेवढ्याच वजनाच्या पुष्कळ येतात, म्हणून दोन ग्रॅमच्या वरचीच घडवा. खड्याचा कागद जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचा. कागदावरचा नंबर खड्याच्या कमरेवर, म्हणजे मधल्या कडेवर, लेझरने कोरलेला असला तर भिंगातून दिसतो, आम्हाला भिंग मागा, आम्ही देतो.

म्हणजे धुळेकर भाऊ ज्या नंबरबद्दल बोलले तो भरवसा आता जळगावच्या पेढीवर पण मिळतो. पन्नास वर्षांपूर्वी नावाला जो भाव होता तो याच भरवशाचा होता, कारण गिऱ्हाइकाकडे तपासायला दुसरं काही नव्हतं, एक तर सराफाचा शब्द नाहीतर ब्रँडचा शिक्का.

फैजपूरची_ताई

लॅबमधला हिरा घेतला तर? चार लाखात केवढा तरी मोठा येईल ना?

कसोटी (जळगाव)

येईल ताई. तो खोटा नसतो, कार्बनच असतो, नुसत्या डोळ्याने मलाही ओळखता येत नाही, मशीन लागतं. पण त्याचे भाव गेल्या काही वर्षात धडाधड उतरलेत. डी बिअर्सने स्वतः २०१८ ला लॅबच्या हिऱ्याचा ब्रँड काढला होता आणि २०२५ ला बंद करायचं जाहीर केलं. हौसेने मोठा खडा घालायचा तर खुशाल घ्या, फक्त उद्या याचे पैसे येतील असं धरू नका, आणि कागदावर लॅब ग्रोन लिहिलंय हे बघा.

रात्रपाळी (धुळे)

मी वरची सगळी चर्चा वाचली, ब्रँड, मोड, कागद. मुलगी स्टाफ नर्स आहे हे ताईंनी पहिल्या चार ओळीत लिहिलंय आणि त्याच्यावर कोणीच काही बोललं नाही म्हणून मी बोलते, मी पण नर्सच आहे.

आमचे हात दिवसभर ग्लोव्हजमधे असतात. उंच नख्यांची अंगठी घालून ग्लोव्ह ओढला की नख्या आतून रबराला लागतात, कधी बारीक भोक पडतं, ते दिसत नाही आणि आपण त्याच हाताने रक्त हाताळतो. माझ्या लग्नातली अंगठी अशीच होती, सुरुवातीला हौसेने घालून गेले, एका शिफ्टमधे तीन जोड बदलले, सिस्टर इनचार्ज माझ्या बोटाकडे बघत राहिल्या. शिवाय अंगठीखाली ओल राहते, जंतू राहतात, नीट हात धुतले जात नाहीत. कित्येक वॉर्डात खड्याची अंगठी चालतच नाही, साधी वेढणी तेवढी चालवून घेतात. मग काय करतो आम्ही, काढून युनिफॉर्मच्या खिशात टाकतो. धुवायला टाकलेल्या खिशात गेलेल्या अंगठ्यांच्या गोष्टी आमच्या चेंजिंग रूममधे बसून ऐका एकदा.

तुमचा भाऊ चार लाखाची वस्तू देतोय. ती तिच्या हातात महिन्यातून किती दिवस राहणार, हे त्याने धरलंय का?

कसोटी (जळगाव)

सिस्टर, १९ वर्षात हा प्रश्न मी काउंटरवरून एकाही नर्सला विचारला नाही, आता विचारीन.

यावर घडणीत उपाय आहे. नख्या न ठेवता खड्याच्या भोवती सोन्याची सलग कड चढवायची, बंद घर, आपल्या जुन्या कोंदणासारखंच. खडा खाली बसतो, वर अडकायला काही राहत नाही. उजेड थोडा कमी शिरतो हे खरं, पण चांगल्या कटचा खडा असला तर तेवढं जाणवत नाही. आमच्याकडे खडे बसवणारा कारागीर बंगालचा आहे, तो अंगठी काठीवरच्या लाखेत रुतवून धरतो आणि कड एकदम दाबत नाही. आधी समोरासमोरच्या चार जागा, मग त्यांच्या मधल्या, असं फिरत फिरत येतो, नाहीतर खडा एका बाजूला तिरका होतो. झालं की अंगठी कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारतो. खडा सैल असला तर आतून किर्र करतो. आवाज आला की पुन्हा लाखेत.

मधली_बहीण (चोपडा)

रात्रपाळी ताई, तुमचं लिहिणं मी जसंच्या तसं भावाला पाठवलं. दिवसभर उत्तर नाही आलं. रात्री म्हणाला, मी तिला काही विचारलंच नव्हतं आक्का, मला वाटलं सरप्राइज द्यावं.

मधली_बहीण (चोपडा)

बारा दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा, इकडे केळीची कटाई चालू होती.

रविवारी जळगावला गेलो. मी, भाऊ, आण्णा, आणि धुळ्याहून ती तिच्या मामींबरोबर एसटीने आली. मामी सोबत होत्या म्हणून आण्णांना पण अवघड वाटलं नाही. आमच्या नेहमीच्याच पेढीवर बसलो. भावाने तिला सगळ्यांसमोर सरळ सांगितलं की मी मुंबईहून टिफनीची आणणार होतो, तुला ती हवी असली तर अजूनही आणतो. ती म्हणाली तिने ते नाव पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकलं. मग पर्स उघडली आणि आतून ग्लोव्हजची एक जोडी काढली, ड्युटीवरून येताना घेऊनच आली होती. काउंटरवरचा पोरगा बघतच राहिला.

आधी सहा नख्यांची अंगठी घातली. दिसत फार सुंदर होती, खोटं कशाला बोलू, तिच्या सावळ्या बोटात तो खडा असा वर उचललेला, मलाच वाटलं हीच घ्यावी. तिने वरून ग्लोव्ह चढवला, मूठ मिटली, उघडली, दोनदा तीनदा, नंतर हात ट्यूबलाइटकडे धरला. खड्याच्या जागी रबर ताणून पांढरं पडलं होतं आणि कडेला सुईच्या टोकाएवढं भोक. मग बंद घराची. ग्लोव्ह सरकन गेला आणि वरून बोट फिरवलं तर नुसता गुळगुळीत उंचवटा लागला. आण्णा तोपर्यंत गप्प बसले होते, ते म्हणाले हीच घ्या.

अठरा कॅरेट, निव्वळ सोनं तीन ग्रॅम आठशे मिलीग्रॅम, खडा ०.३० चा नैसर्गिक, जीआयएचा कागद, नंबर भिंगातून मी स्वतः वाचला. कड तिच्या मापाने अजून खाली घ्यायला सांगितली. ड्युटीवर चालेल म्हणून सोबत बावीस कॅरेटची साधी वेढणी, ती आण्णांनी त्यांच्याकडून दिली. असोद्याच्या ताई, पावतीवर पाच ओळी आहेत, परत घेण्याचं पण लिहून घेतलं, तुमच्यामुळे.

भावाचं मन पूर्ण भरलंय असं मी म्हणणार नाही. परत येताना विदगावचा पूल येईपर्यंत काही बोलला नाही. मी पण काही समजावलं नाही त्याला. उरलेले पैसे तसेच ठेवलेत, म्हणाला लग्न झाल्यावर तीच सांगेल काय करायचं ते.

धुळेकर_पुण्यात

त्याला माझा नंबर द्या ताई, व्यनि (खासगी निरोप) करतो. बोलेन मी त्याच्याशी.

कसोटी (जळगाव)

अभिनंदन ताई. अंगठी तयार होऊन हातात आली की डबीत ठेवायच्या आधी कानाशी धरून टिचकी मारा.

मधली_बहीण (चोपडा)

दादा, आज आणली. मी मारली, आईने मारली, मग भावाने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर मला परत मारायला लावली, फोन अंगठीच्या अगदी जवळ धरून. आवाज नाही.